दीड फुटाचं शटर

बँक बुडवायला लोकांना काय काय करावं लागतं! खोटी तारणं, खोट्या सह्या, पाच-सात वर्षांची सचोटीनं केलेली लबाडी. मला ते एका सोमवारी सकाळी साडेदहा ते दहा-एकतीस एवढ्या वेळात जमत आलं होतं, आणि तेही रिव्हर्स गिअरमध्ये.

माझी गाडी म्हणजे जुनी ओम्नी. तिच्या मागच्या चाकांवर ट्रकसारखेच कमानपाटे असतात, फक्त बारके. ते बसले म्हणून गाडी हैदरभाईंकडे टाकली होती. त्यांनी नवा पाटा घातला, "सर, एक चक्कर मारून बघू" म्हणत शेजारी बसले, आणि मी आमच्या उमरग्याच्या बँकेसमोर गाडी वळवायला मागं घेतली. हैदरभाई म्हणाले, "सर, ब्रेक." मग म्हणाले, "सर, ब्रेक!" मग त्यांनी कुणाच्या तरी आईचा उल्लेख केला. तो मला उद्देशून होता की गाडीला, हे मी आजवर विचारलेलं नाही. पाय मी दाबलाच होता. शेजारच्या पेडलवर.

ओम्नीची पाठ शटरच्या चौकटीवर आदळली. पाच मिनिटांपूर्वी शिपायानं वर केलेलं ते लोखंडी शटर क्षणभर विचारात पडलं, आणि मग खाड्‌कन खाली येऊन तिरकं रुतून बसलं. आत मॅनेजर महांतेश आणि कॅशियर अक्षदा, दोघंच. शिपाई चहा सांगायला बाहेर आला होता. मागच्या दाराला जुन्या लोखंडी कपाटांची रांग लावलेली. ती हलवायला सहा माणसं लागली असती.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आदल्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या बँकेवर निर्बंध आले होते, आणि तिथल्या दारात रडणाऱ्या खातेदारांची चित्रफीत घरोघर फिरत होती. कुणीतरी आमच्या बंद शटरचा फोटो काढला. फोटोत माझी गाडी आली असती तर सगळा उलगडा झाला असता. पण काढणाऱ्यानं ती नेमकी कापली. फोटो चांगला यावा म्हणून. खाली लिहिलं, 'बँक बंद. साहेब आतून पसार.'

(बँकेचं नाव मी लिहीत नाही. एकदा शटर पाडलं तेवढं पुरे.)

पुढचं सांगण्याआधी हैदरभाई कोण हे सांगायला पाहिजे. कारण त्या दिवशी जे चारशे लोक जमले, त्यांच्या लेखी बँकेचा एक नंबरचा शत्रू म्हणजे हैदरभाई. बँकेच्या संचालक मंडळाचंही हेच मत होतं. चेअरमन आणि खातेदार यांचं एकमत झालेला आमच्या गावातला हा एकच विषय.

हायवेला, हैदराबादच्या अंगाला, उभ्या ट्रकांच्या रांगेत 'हैदर कमानपाटा वर्क्स' असा गंजका पत्रा आहे. त्याखाली भट्टी, ऐरण, आणि ठिणग्यांनी भोकं पाडलेल्या बनियनमध्ये हैदरभाई. उंचीला कमी आणि रुंदीला भरपूर. ट्रकाचा माल टमटममध्ये भरावा तसा बांधा. घण मारून मारून डावा कान गेलेला. त्यामुळं त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं बसावं. शिव्या द्यायच्या असतील तर डाव्या बाजूनं द्याव्यात, दोघांचाही वेळ वाचतो.

कमानपाटे म्हणजे पोलादी पट्ट्या. एकावर एक रचून धनुष्यासारख्या वाकवतात आणि चाकावर बसवतात. खड्डा आला की धक्का ते खातात, ट्रकला लागू देत नाहीत. जितकं वजन जास्त तितके पाटे जास्त, एवढंच या धंद्याचं शास्त्र. वीस वर्षांपूर्वी एका मालकानं हैदरभाईंना अकराच्या जागी नऊ पाटे टाकायला लावले. खर्च वाचत होता. हैदरभाई तरणे होते, गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसले. महिन्याभरात नळदुर्गजवळच्या उतारावर, सिमेंटच्या दुप्पट पोत्यांखाली मेन पाटा मोडला आणि ट्रक समोरून येणाऱ्या जीपवर पडला. जीपमध्ये लग्नाहून परतणारी नऊ माणसं होती. हैदरभाई मोटारसायकलवर तिथं पोचले तेव्हा रस्त्यावर सिमेंट आणि रक्त एकत्र कालवलं गेलं होतं, आणि ते घट्ट व्हायला लागलं होतं. बाजूला काढून ठेवलेल्या लोखंडात त्यांनी आपला पाटा ओळखला.

तो मोडका पाटा अजून वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत. मात्र तेव्हापासून कुणी "दोन पाटे कमी टाका की" म्हणालं, तर हातात असेल ती वस्तू फेकून मारतात. हातात बहुतेक वेळा घण असतो, म्हणून त्यांच्याकडं घासाघीस करणारे लांब उभं राहून करतात.

अशा माणसाच्या हाती बँकेचा वार्षिक अहवाल पडला. आमच्याकडं हा अहवाल फडताळात अंथरायला वापरतात. कागद गुळगुळीत असतो, डबे छान सरकतात. हैदरभाई तो वाचायला लागले, आणि अडलं की माझ्याकडं येऊ लागले. मी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. एवढा लक्ष देणारा विद्यार्थी मला निवृत्तीनंतरच मिळाला.

"सर, हे राखीव निधी म्हंजे काय?"

मी समजावलं. कर्ज बुडालं तर धक्का खातेदारांना लागू नये म्हणून बाजूला ठेवलेला पैसा.

"म्हंजे पाटे."

"म्हटलं तर तसंच."

"मंग हे बघा. तीन सालांत कर्ज दुप्पट झालं. पाटे हायेत तेवढेच." त्यांनी काळं बोट पुढच्या पानावर टेकवलं. "अन् ही सात कर्जं बघा. नावं सात, पत्ता एकच. सगळा माल एका चाकावर टाकलाय ह्यांनी."

मी चष्मा पुसला. पत्ता कल्याणप्पांच्या आडत दुकानाचा होता. कल्याणप्पा म्हणजे तूर-सोयाबीनचे मोठे व्यापारी, बँकेचे संचालक आणि सर्वांत मोठे ठेवीदार. शरीरानंही मोठेच. सभेत त्यांच्यासाठी बिनहातांची खुर्ची वेगळी आणावी लागायची. हातांच्या खुर्चीत ते एकदा बसले होते, तर उठताना खुर्चीही सोबत आली होती.

आमच्या बँकेची वार्षिक सभा मंगल कार्यालयात भरते. सचिव विषय वाचतात, वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो, बारा विषय नऊ मिनिटांत संपतात, आणि सभासद भेटवस्तूच्या रांगेकडं धावतात. त्या वर्षी नऊ मिनिटांच्या मध्येच मागून आवाज आला, "नामंजूर!"

सभागृहात अशी शांतता पसरली, की आचाऱ्याच्या कढईतली जिलबी ऐकू यावी.

हैदरभाईंनी प्रश्न विचारला. चेअरमनसाहेब गोड हसले. "हैदरभाई, आपली बँक आज जिल्ह्यात सगळ्यात मोठी आहे. एवढ्या मोठ्या बँकेला कोण बुडू देतंय? वेळ आली तर सरकार हात देईल."

"साहेब, टमटम उलटली तर पाच माणसं पडतेत. टँकर उलटला तर गाव जळतंय. मंग मोठ्या गाडीला कायदा जास्त पायजे का कमी?"

"अहो, नियमानं हात बांधले तर कर्ज द्यायचं कुणाला? तोटा तुमच्यासारख्या लहान माणसाचाच होईल."

खरं सांगतो, मला त्या क्षणी चेअरमनसाहेबांचं थोडं पटलं. गेल्या वर्षी नियमावर बोट ठेवून याच बँकेनं माझं घरदुरुस्तीचं कर्ज नाकारलं होतं. पण हैदरभाईंना वाद कुठं न्यायचा ते ठाऊक होतं. "ल्हान माणसाचं राहू द्या. त्या एका घरात सात कर्जं हायेत, त्यातलं एक तरी वसूल करून दावा."

"मंजूर!" कल्याणप्पा ओरडले. काय मंजूर, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माईक काढून घ्यायला पाच जण धावले. हैदरभाई माईक सोडेनात, तेव्हा त्याचीच वायर त्यांच्या गळ्याभोवती दोन वेढे बसली. त्यांचा चेहरा जांभळा झाला, आणि लाउडस्पीकरमधून त्यांची घरघर अख्ख्या मंगल कार्यालयाला ऐकू गेली. मी आणि हैदरभाईंच्या गिऱ्हाइकांतल्या दोन ट्रक-ड्रायव्हरांनी ते वेढे सोडवले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'सर्वानुमते मंजूर.'

दुसऱ्या वर्षी भेटवस्तू स्टीलचा डबा होती. दोनशे डबे एकाच दिशेनं आले. हैदरभाईंच्या कपाळाला सहा टाके पडले. तिसऱ्या वर्षी कल्याणप्पांची ती बिनहातांची खुर्ची कुणीतरी उचलून हैदरभाईंच्या तोंडावर घातली आणि समोरचा दात गेला. खुर्चीला हात असते तर दात वाचला असता, असं माझं गणित आहे. घरी गेल्यावर सायराबी वहिनींनी हळद लावली आणि म्हणाल्या, "अजी, पुढच्या साली जाताना उरलेले दात घरी ठिवून जा."

चौथ्या वर्षी पहिलाच विषय निघाला, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.' हैदरभाई उठले आणि म्हणाले, "नामंजूर. माझा दात पडल्याचं त्यात लिवलेलं न्हाय." ते वर्ष हाणामारीशिवाय गेलं. सगळ्यांना हसू आवरेना, आणि हसताना खुर्ची उचलता येत नाही.

तर असे हैदरभाई माझ्या ओम्नीतून उतरले. शटर हातानं हलवून बघितलं, म्हणाले, "सर, तुमी हितंच थांबा, कशाला हात लावू नका," आणि हत्यारं आणायला वर्कशॉपकडं गेले. भट्टीवर तापत ठेवलेलं काम उतरवून, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, शोधून परत यायला त्यांना पाऊण तास लागला. तोवर दगड सुरू झाले होते.

पहिला दगड एटीएमच्या काचेवर बसला. दुसऱ्यानं पाटी खाली आली. मग मोजणं मी सोडून दिलं. "मॅनेजरला भाईर काढा!" "जाळा आतच!" असा कल्लोळ चालला होता. ज्यांच्याशी मी रोज सकाळी फिरायला जातो ती माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. शिपाई चहाची किटली घेऊन आला, तर त्याला शर्टाला धरून गुडघ्यावर बसवलं. "पैसे कुठं न्हेले सांग!" तो म्हणाला, "चार कटिंग हायेत." त्याच्या डोक्यात वीट बसली आणि चहा, रक्त, किटली सगळं पायरीवर सांडलं. कुणीतरी म्हणालं, ही ओम्नी मॅनेजरची. मी "ती माझी आहे" म्हणायला तोंड उघडलं आणि शेजाऱ्याच्या हातातला दगड बघून मिटलं. बाटलीभर पेट्रोल, एक काडी. गाडीनं भडका घेतला आणि काळा धूर शटरच्या पट्ट्यांतून आत शिरू लागला. आत अक्षदा आधी खोकत होती, मग किंचाळायला लागली.

पोलिसांना फोन झाले होते. पण चैत्री पौर्णिमा, बंदोबस्ताची कुमक येरमाळ्याच्या यात्रेत. जे चार-दोन शिल्लक होते ते गर्दीच्या पलीकडच्या टोकाला अडकले. चेअरमनसाहेबांचा फोन बंद लागत होता.

तेवढ्यात हैदरभाईंची मोटारसायकल आली. मागं सब्बल, घण, आणि सुतळीनं बांधलेली पाट्यांची जुडी.

गर्दी फाटली. "आला! चाचा आला! फोडा!" बँकेचा शत्रू घण घेऊन आलाय, आणखी काय पाहिजे? हैदरभाईंनी आधी शिपायाला बखोटीला धरून बाजूच्या मेडिकल दुकानात ढकललं. त्यात एक दगड त्यांच्या भुवईवर बसला. त्यांनी रक्त मनगटानं पुसलं. मग दोन ड्रायव्हरांना हाक मारली आणि सब्बलीचा रेटा देऊन जळती ओम्नी गटारात लोटली. पाटा नवा होता, गाडी छान सरकली.

"आता शटर!" लोक ओरडले.

हैदरभाई शटरला पाठ लावून उभे राहिले आणि घण खांद्यावर घेतला. "गप बसा. जो म्होरं यील त्याचं टाळकं फोडीन." मग मान वळवून पट्ट्यांना उजवा कान लावला. "साहेब, रोकड किती हाय?"

आतून खोकत आवाज आला, "एकवीस लाख."

"ऐकलं का? एकवीस लाख. तुमी चारशे. आता ह्यो दरवाजा सताड उघडला, अन् पयला आत शिरणारा चाळीस लाखवाला निघाला, तर बाकीच्यांनी काय घरी न्यायचं? बँकेचं कॅलेंडर?"

"बँक बुडालीय म्हणून तुमीच सांगत हुतात की!"

"म्या म्हणलो, पाटे कमी हायेत. मोडली म्हणलो न्हाय. आज सगळ्यांनी एकदम काढलं की मोडणार."

"पाच लाखापर्यंत विमा असतोय म्हणं," कुणीतरी म्हणालं.

"हाय की. पर तीन महिन्यांनी येतोय. तवर काय विम्याचा फारम खाणार का?" त्यांनी घण खाली टेकवला. "एका येळंला एक माणूस. एका माणसाला पाच हजार. आत त्या पोरीला कुणी बोट लावलं, तर तुमच्या बोटाचा पाटा करतो. हाय का मंजूर?"

चार वर्षं ज्या माणसानं 'मंजूर' हा शब्द उच्चारला नव्हता त्यानं तो असा दरडावून विचारला, की पुढच्या रांगेतून नकळत "मंजूर" आलं.

हैदरभाईंनी सब्बल खाली घातली, घण मारला. शटर किंचाळत वर सरकलं. एक वीत. मग दोन वीत. तिथं ते थांबले, हातानं अंतर मोजलं, आणि एकवार मान वर करून रस्त्याकडं बघितलं. कल्याणप्पांची पांढरी गाडी गर्दीत हॉर्न वाजवत शिरत होती. हैदरभाईंनी दोन्ही बाजूंना वाकवलेले पाटे दाबून पाचर मारली आणि ओरडले, "अडकलं! आता वर जात न्हाय. सरपटत जावा."

मी कपाळावर हात मारला. माझ्याच गाडीनं चौकट एवढी वाकवली होती, की अख्ख्या गावाला आता दीड फुटातून जायचं होतं.

कुणी पुढं होईना. तेव्हा सास्तूरच्या सिताबाई आल्या. सत्तरीच्या, शेळ्या राखणाऱ्या. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीतल्या डब्यातला पैसा घरासकट गेला, तेव्हापासून त्या बोकड विकला की पैसा बँकेत टाकतात.

"आजी, जमंल का?"

"ढिगाऱ्याखालनं निघालेली बाई हाय म्या. ह्या पत्र्याचं काय सांगतो मला?" त्यांनी काष्टा खोचला आणि पालीसारख्या सुळकन आत गेल्या. पाच मिनिटांनी आधी पाचशेच्या दहा नोटा धरलेला हात बाहेर आला, मग सिताबाई. "हाय! पैका हाय आत! ती पोरगी रडत रडत मोजायलीय, पर बरोबर मोजायलीय."

गर्दीचा नूर तिथं पालटला. रांग लागली. ज्यांच्या हातांत दगड होते त्यांनी ते ठेवले, कारण पोटावर सरपटायला दोन्ही हात लागतात. हेडमास्तर सरपटले, टायरवाले सरपटले. मघाशी "आतच जाळा" म्हणणारा माझा फिरायला जाणारा मित्र आत जाताना अक्षदाला म्हणाला, "बेटा, धुराचा त्रास तर नाही ना झाला?"

बारानंतर कल्याणप्पा गर्दी कापत पुढं आले. सोबत चार माणसं, हातांत गज.

"हैदर, शटर वर घे."

"अडकलंय, अप्पा."

"माझे चाळीस लाख आहेत आत!"

"एकवीसच हुते, त्यातले पन्नास हजार गेले. पाच हजार तुमचे हायेत. लायनीत या, सरपटत जावा."

कल्याणप्पा खरोखरच आडवे झाले. डोकं गेलं, छाती गेली, आणि मग अप्पा थांबले. पुढं सरकेनात, मागं येईनात. दोघांनी पाय धरून ओढलं तेव्हा सदऱ्याची बटणं तुटून पायरीवरून घरंगळत गेली. चारशे माणसं हसली. तासाभरापूर्वी माणूस जाळायला निघालेली तीच माणसं.

ते हसू हैदरभाईंना महागात पडलं. अप्पांचा चेहरा लालभडक झाला. "काढा त्या पाचरी! उचका शटर!" पहिला गज हैदरभाईंच्या पाठीवर बसला. दुसरा गुडघ्यावर. ते खाली बसले, पण उजव्या पाचरीला पाठ लावूनच. तिसरा गज खांद्यावर. त्यांनी डाव्या हातानं एकाचा पाय धरून त्याला असा आपटला, की त्याचे ओठ पायरीवर फाटले. दुसऱ्यानं मोकळी राहिलेली डावी पाचर हेरली आणि पाट्यावर लाथ घातली.

"हलवू नको!" हैदरभाई ओरडले. "मदी माणूस हाय!"

मध्ये सिताबाई होत्या. सगळ्यांची नजर मारामारीकडं बघून त्या दुसऱ्यांदा पाच हजार आणायला निघाल्या होत्या, आणि अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर होत्या.

दाबून बसवलेला पाटा सुटला तो बंदुकीसारखा. लाथ मारणाऱ्याच्या जबड्यावर बसला. तोंडातून रक्ताची चूळ उडाली आणि तो कोसळला. शटरची ती बाजू खाली आली. हैदरभाईंनी झेप घेतली, आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून आपला डावा हातच कोपरापासून आडवा घातला. सगळं वजन त्यावर आलं. आवाज दोनदा आला. मनगटाच्या वर दोन हाडं असतात, हे मला तेव्हा ऐकून कळलं.

सिताबाईंना लोकांनी ओढून बाहेर काढलं. त्या उठल्या, पदर सावरला, पायातली वहाण काढली आणि गजवाल्याच्या तोंडावर पाच-सहा वेळा मोजून मारली. मग गर्दी त्या चौघांवर तुटून पडली. बुक्क्या, लाथा, त्यांचेच गज. एकाचा कान अर्धा लोंबायला लागला. एकाला गटारातल्या धुमसत्या ओम्नीकडं फरफटत नेत होते, तेव्हा हैदरभाई शटरखालूनच ओरडले, "ए! सोडा त्याला! लाइन मोडली की पैका बंद!"

लाइनीत परत गेले सगळे. त्या दिवशी उमरग्यात एक माणूस जळता जळता वाचला, तो आपला नंबर जाईल या भीतीनं.

ड्रायव्हरांनी शटर उचलून धरलं. हैदरभाईंनी हात बाहेर काढला. तो भलत्याच जागी वाकला होता. उजव्या हातानं त्यांनी पाटा पुन्हा बसवला, घणाचे दोन ठोके मारले. नंतर दुपारी चारपर्यंत, पोलीस येईपर्यंत, ते पायरीवर बसून होते. माझा टॉवेल गळ्यात बांधून त्यात हात अडकवलेला. वेदनेनं घाम गळत होता, आणि प्रत्येक सरपटणाऱ्याला ते विचारत होते, "पयल्यांदाच ना?"

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. सायराबी वहिनी सफरचंद कापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या सर. गाडी भाईर लांब लावलीव ना?" मी म्हटलं, गाडी गटारात आहे. त्या म्हणाल्या, "तिथंच बरी हाय."

मी उजव्या कानाच्या बाजूला बसलो आणि खबरी दिल्या. शटर दुरुस्त झालं. मंगळवारी मुख्य शाखेतून रोकड आली, दीडशे लोक आले. आज सकाळी अकराच होते, त्यांतले चार पासबुक भरून घ्यायला. अक्षदा कामावर हजर आहे. शिपायाच्या डोक्याला नऊ टाके. रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी आलेत आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्या सात कर्जांच्या फायली मागवल्या. बँक वाचली का, ते देवाला ठाऊक. पण आज उभी आहे.

हैदरभाई छताकडं बघत ऐकत होते. मला राहवेना. दोन रात्री मी झोपलो नव्हतो.

"हैदरभाई, मला माफ करा. मी चौकट तशी वाकवली नसती, शटर दीड फुटावर अडकलं नसतं, आणखी हातभर वर गेलं असतं, तर कल्याणप्पाही गुमान आत गेले असते आणि तुमचा हात वाचला असता."

हैदरभाईंनी मान माझ्याकडं वळवली.

"शटर अडकलं नव्हतं सर, दोन वितीत कल्याणप्पा मावत न्हाय."